बिनकवायतीचे कॅप्टन

आमच्या वडिलांना अख्खं इंदूर कॅप्टनसाब म्हणायचं. नवख्या माणसाला वाटे, हे क्रिकेट टीमचे कॅप्टन. छे! टीमचे कॅप्टन ते एकदाही झाले नाहीत. दरबाराला चांगले खेळाडू हवे असत, आणि त्यांना पगार द्यायचा तर कुठल्या तरी खात्यात नाव लागायला हवं, म्हणून बाबांचं नाव फौजेत लागलं. हुद्दा कॅप्टनचा, काम बॅटिंगचं. युनिफॉर्म दसऱ्याला ट्रंकेतून निघे आणि दुसऱ्या दिवशी परत ट्रंकेत जाई. बंदूक त्यांनी कधी चालवली नव्हती.

मग संस्थान गेलं, मध्य भारत हे नवं राज्य आलं. फौजेतल्या माणसांना नव्या सरकारात कुठे घ्यायचं ते ठरवायला फॉर्म निघाले. बाबा चाळिशीला आले होते, पण नजर शाबूत होती. अजून दोन सीझन तरी खेळायचं, एवढंच त्यांच्या मनात. मी नुकतीच मॅट्रिक झालेली, हिंदी चांगली, म्हणून फॉर्म माझ्याकडे आला.

त्यात एक ओळ होती, ‘अब तक किए गए कार्य का स्वरूप’.

"लिख, क्रिकेट खेलना," बाबा म्हणाले.

"बाबा, हसतील हो लोक! खेळणं काय काम असतं?"

"हसू दे ना. अठरा वर्षं तेच केलं मी."

आई स्वयंपाकघरातून कडाडली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नका! फौजेचं लिहा मुकाट्याने." बाबा उठून अंगणात गेले. मी लिहिलं, ‘सैनिकों को कवायद सिखाना’. अगदी ठसठशीत. परत आल्यावर त्यांच्यापुढे कागद ठेवला, त्यांनी सही केली. वर काय लिहिलंय ते त्यांनी पाहिलंच नाही, असं मी धरून चालले.

दोन महिन्यांनी हुकूम आला. पोलिसांना कवायत शिकवायला जा, बेटम्याच्याही पुढे, धारकडच्या एका गावी. आणि ज्यांनी सरळ ‘क्रिकेट’ लिहिलं होतं, ते टीममधले दोघे? वरच्या एका साहेबाला खेळाचा भारी नाद होता. दोघांना इंदुरातच कचेरीत टेबल मिळालं, वर दुपारनंतर प्रॅक्टिसला जायची सूट. त्यातले एक घरी पेढे घेऊन आले नि म्हणाले, "क्या भिया, तुम्ही हे काय करून बसलात?" मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाबा गेले. आपल्याहून लहान हवालदाराकडून सकाळी कवायत शिकायची आणि तीच दुपारी शिपायांना शिकवायची, असं त्यांचं चाले. शनिवारी मोटारीने घरी येत, दमलेले. मॅचचा विषय निघाला की पेपर तोंडासमोर धरत. तो सीझन गेला, पुढचाही गेला. मग कोणी बोलवेनासंच झालं.

चार वर्षं मी मूग गिळून बसले. माझं लग्न ठरलं तेव्हा मात्र राहवेना. एका रविवारी दुपारी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "बाबा, त्या फॉर्मवर मी खोटं लिहिलं होतं. तुमचा खेळ मी घालवला." आणि रडायलाच लागले.

ते सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"वेडी का तू? वाचल्याशिवाय सही करतो होय मी?"

मी विचारलं, "मग खोडलं का नाही?"

त्यांनी अडकित्ता मिटून बाजूला ठेवला. मग खाली बघत म्हणाले, "पेन हातात घेतलं, आणि माझीच मला लाज वाटली, बेटा. म्हटलं, एवढी वर्षं आपण नुसते खेळतच होतो."