सोबतीचा रकाना

आधीच सांगून ठेवतो, भूतबित मी मानत नाही. कळंबच्या रस्त्यावर हडळ आडवी आली तर तिलाच लिफ्ट मागणारा माणूस मी. (आली नाही अजून. पण आली असती तर मागितली असती.)

कापसाची ती वाईट वर्षं. दारव्ह्याजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, गेटवरचं जुनं रजिस्टर बंद करून कंपनीचं सॉफ्टवेअर बसवायला मला पाठवलं होतं. चार महिने लॉजवर एकटा. दिवसाला कापसाच्या हजार बैलगाड्या यायच्या... बरं, शंभर धरा.

त्या दिवशी सहाला वजनकाटा बंद होऊन पुढचे आठ दिवस खरेदी थांबणार होती. कापूस ठेवायला जागाच उरली नव्हती. चारला दलसिंगभाऊंचा नंबर लागला. तांड्यावरचे, साठीतले. तीन दिवस, तीन रात्री रांगेत एकटेच. गाडी सोडता येईना म्हणून डोळा लागलेला नाही.

नाव टाकलं, गाव टाकलं, सेव्ह दाबलं... ‘फील्ड सापडत नाही : सोबती.’

असलं फील्ड आमच्या टेबलात नव्हतंच. फॉर्म तपासला, क्वेरी तपासल्या, अख्ख्या कोडमध्ये तो शब्द शोधला — कुठेच नाही. मागच्या गाडीचं नाव टाकलं, पावती झरकन बाहेर. त्यामागची, बाहेर. पुन्हा दलसिंगभाऊ — सोबती.

“साहेब, माहा नंबर जाते का मंग?”

“नाही जात भाऊ. बसा.”

“बसलो तं झोपन मी.”

गेटवरचे जुने मुन्शी उस्मानचाचा चहा फुंकत होते. “रजिस्टरात होता न बाबू तो रकाना. गाडीसंगं कोन आलं थे लिवत होतो. एक झोपला का दुसरा जागे. तुमच्या नागपूरवाल्याईनं उडवला.”

“मग मले काहून नाही सांगितलं?”

“तू कंदी इचारलं?”

साडेपाच. नाइलाजानं टेबलात तो रकाना जोडला. “सोबत कोण, भाऊ?”

“कोनीच नाही. लहाना भाऊ राहे दरसाली. आता नाही तो.”

रिकामं ठेवलं, एरर. ‘कोणी नाही’ लिहिलं, एरर. चाचांचं नाव, एरर. दलसिंगभाऊ हळूच म्हणाले म्हणून त्या गेलेल्या भावाचं टाकलं... तरी एरर.

सहाला पाच कमी. काटेवाला कुलूप घेऊन उभा. मी माझं नाव टाकलं.

पावती आली.

“हसता काय, चाचा?”

“हसून नाही राह्यलो. नाव लिवलं, आता जाय गाडीसंगं. असाच नेम हाये.”

गेलो. काटा झाला, पण पुढे गाडी खाली करायच्या शेडपर्यंत पुन्हा रांग. मी कासरा धरून उभा — बैल हत्तीएवढे होते, हे मात्र खरं — आणि दलसिंगभाऊ कापसावर आडवे झाले ते शेड येईपर्यंत उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी टेबल उघडलं. रकाना नव्हता. लॉगमध्ये जोडल्याची नोंद नाही, काढल्याचीही नाही. नागपूरला फोन केला तर साहेब म्हणाले, “झोपत जा जरा.” पावतीची गेटवरची प्रत मात्र चाचांच्या खिळ्याला टोचलेली होती, माझ्या नावासकट.

लई जणांना विचारलं, कारण कुणालाच सापडलं नाही. मलाही नाही. एवढं खरं, की त्या चार महिन्यांत माझं नाव कुणाच्या सोबतीला लागलं, ते तेवढंच एकदा.