पंपाची सरळ रेघ

मुक्ता, निनाद,

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. देवापुढे बसले तरी हा विषय मनात येऊ लागला की मी पोथीचं पान उलटते. तुम्हा दोघांना एकत्र लिहिते आहे, कारण तुम्ही भावंडं एकमेकांशी बोलत नाही — आणि ते खरं कशामुळे, हे फक्त मला माहीत आहे.

कुठून सुरू करू? आवाजापासून करते.

टाळेबंदीत तुम्ही पुणतांब्याला माझ्याकडे राहिलात, तेव्हा निनाद, तू वरच्या खोलीत तो कॉम्प्युटर जुळवलास. काचेची पेटी, आत पाण्याच्या दोन काळ्या नळ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात नुसत्या पंख्यांनी भागणार नाही, म्हणून पाण्याने गार होणारा. पुढे तू कॅनडाला गेलास, मुक्ता जर्मनीला शिकायला. यंत्र जड, ते इथेच राहिलं. मुक्ता तिकडून इंटरनेटवरून ते चालवायची. तिच्या कार्टूनपटाची चित्रं त्याच्यावर तयार व्हायची. ‘शिजायला लावते, आजी,’ असं म्हणायची. देखभाल माझ्याकडे.

आणि ती मी चोख करत होते. मी जन्मभर गणित शिकवलं, मला आलेखाची भीती नाही. आडव्या रेषेवर उष्णता, उभ्या रेषेवर पंख्यांचा वेग. आधी पंखे प्रोसेसरच्या उष्णतेवर धावायचे. प्रोसेसर क्षणात तापतो, क्षणात निवतो, त्यामुळे पंखे सारखे किंचाळायचे आणि गप्प व्हायचे. मग निनाद, तू आणि मी मिळून ते पाण्याच्या उष्णतेला जोडले. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. पंख्यांचा आवाजही मग तसाच चढू-उतरू लागला — गाढ झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. पंपाची रेघ मात्र सरळ, अगदी वरच्या टोकाला. ‘हिला हात लावायचा नाही, आजी. पंप मंदावला तर आतली उष्णता बाहेरच पडणार नाही.’

लक्षात ठेवा, हे मला नीट समजलं होतं.

तुम्ही गेल्यावरच्या दुपारी कशा असायच्या, सांगू? पेरूच्या बागेत पान हलत नाही. रस्त्याला चिटपाखरू नाही. आणि रिकाम्या वरच्या खोलीत हळूहळू श्वास चढू लागतो. घरकामाला येणाऱ्या कौसाबाई पहिल्यांदा ते ऐकून झाडू घेऊन जिन्यातच थबकल्या.

“बाई, वर कोन हाय?”

“कोणी नाही. मुक्ता काम करते आहे.”

“मुक्ता तर परदेशात हाय न्हवं?”

“तिथूनच करते.”

“मानूस तिकडं अन् श्वास इकडं? न्हाई बा! तुमी शिकल्याली मान्सं, तुमाला भ्या वाटत नसंल. ती खोली तुमची तुमीच झाडा.”

मी हसले. झाडू घेऊन वर गेले — आणि हातावर काटा उभा राहिला. पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता. खिडक्या उघडत होत्या, मिटत होत्या. खुर्ची रिकामी. मी हळूच म्हटलं, “मुक्ता?” बाण थांबला. योगायोगच तो, दुसरं काय? क्षणभराने पुन्हा चालू लागला.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी विणकाम घेऊन तिथे बसू लागले. तुझी सकाळ ती माझी दुपार. तुला कल्पना नव्हती, मुक्ता, की तुझ्या बाणासमोर कोणी बसलेलं असतं. तू जिथे थांबायचीस तिथे माझ्याही सुया थांबायच्या. तू काही पुसलंस की वाटायचं, मनासारखं झालेलं दिसत नाही. इतकी जवळ होतीस. आणि एक शब्द नाही.

एकदा खरोखरच वीज गेली. इन्व्हर्टरची बॅटरी आधीच उतरलेली, यंत्र बंद पडलं. लगेच फोन वाजला.

“आजी, लाइट गेली का गं? बरं, आली की फक्त बटण दाब. आणि काय करतेस? जेवलीस? कौसाबाई अजून मला भूत समजतात का?”

किती वेळ बोललो आपण. तुझ्यामागे ट्रामची घंटा वाजत होती. ती मला दुसऱ्या दिवशीही ऐकू येत होती.

आता सांगायला हवं. आणखी किती आडून आडून फिरणार?

थोड्याच दिवसांनी एका सकाळी, तू यायच्या आधी, मी पंपाची रेघ खाली ओढली.

दुपारी तू आलीस, चित्रं शिजायला लावलीस. मला वाटलं होतं, पंखे ओरडतील, निदान कुरकुरतील. काहीच आवाज झाला नाही. पंखे पाण्याला विचारून धावत होते, आणि पाणी गार होतं — उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. नळीला बोट लावून पाहिलं. गार. एवढी शांतता त्या खोलीत मी कधी अनुभवली नव्हती. पंपाच्या झाकणावर प्रोसेसरच्या उष्णतेचा छोटासा आकडा दिसतो, तो तेवढा चढत होता. बाण बिचारा आपलं काम करत होता. मग फार तापलं म्हणून यंत्र आपोआप बंद पडलं, पडदा काळा.

मग फोन.

“लाइट गेली का गं?”

“हो गं. गेली.”

फोन ठेवल्यावर बटण दाबलं, रेघ वर नेली. एकदाच केलं असतं तर — नाही, ते वाक्य मी पुरं करणार नाही. एकदाच केलं नाही. घर फार गप्प वाटलं की मी ते करायची.

पुढे तूच म्हणालीस, बॅटरी तर नवी बसवली ना, मग विजेचं कारण कसं? मी तुझ्या जेवणाचं विचारलं. तू निनादला विचारलंस. निनाद, तू फोन करून मला पंपाच्या झाकणावरचा आकडा वाचायला सांगितलास. रेघ तेव्हा खालीच होती, मी आधी ती वर नेली. थोडी थांबले. मग आकडा वाचला — बरोबर आकडा, स्पष्ट आवाजात, वर्गात वाचावा तसा.

“मग माझंच जोडताना काहीतरी चुकलंय,” तू म्हणालास.

मी म्हणाले, “असेल बाबा.”

आणि तो शेवटचा दिवस. मुक्ता, सकाळीच तुझा निरोप आला — आज शेवटचा भाग शिजतोय, संध्याकाळी स्टुडिओला पाठवायचा आहे, त्यावरच तिथली नोकरी ठरणार, आज एवढं जप. मी उत्तर पाठवलं, ‘जपते.’

तू काम लावून वर्गाला गेली होतीस. बाण कोपऱ्यात निश्चल, काम किती झालं ते दाखवणारी हिरवी पट्टी भरत आलेली. ती भरली की या खोलीतलं तुझं काम संपणार होतं. तू इथे कशाला येणार होतीस? पट्टी अगदी थोडी उरली होती. मी माउस हातात घेतला आणि रेघ खाली ओढली.

आकडा चढू लागला. रेघ परत वर नेता आली असती. हात माउसवरच होता. पंख्यांचा श्वास उतरत उतरत बंद झाला. खोलीत माझ्यामागे कोणीतरी उभं राहून पाहतंय, असं मला स्पष्ट जाणवलं. मी वळले नाही. हातही हलवला नाही.

पडदा काळा झाल्यावर मी फोन मांडीवर घेऊन बसले. तो वाजला नाही. मुक्ता, तू मला नाही, निनादला फोन केलास. काय बोललीस, ते त्याने मला नंतर अर्धवटच सांगितलं. ती फाइल पुन्हा उघडली नाही. स्टुडिओतली तुझी जागा दुसऱ्या कोणाला गेली. निनादने यंत्रं जुळवणं सोडलं. मी दोघांचीही समजूत घातली — आणि दोघांपासूनही लपवलं.

यंत्र मी चालू ठेवलं आहे. पंपाची रेघ वर आहे. बाण मात्र कधी हलला नाही — गेल्या आठवड्यापर्यंत.

दुपारी मी काच पुसत होते. पंख्यांचा आवाज चढला नाही, काही नाही, आणि बाण हलला. त्याने तो आलेख उघडला. पंख्यांची रेघ ओलांडून तो पंपाच्या रेघेवर आला. तिथे बराच वेळ थांबला. मग रेघ थोडी खाली ओढली. पुन्हा होती तिथे नेली. सगळं मिटवून गेला. माझ्या हातात फडकं तसंच होतं.

तुमच्यापैकी कोण होतं, मला माहीत नाही. मला कोणाचा फोन आला नाही.

मुक्ता, वीज गेली नव्हती. निनाद, तुझं जोडताना काही चुकलं नव्हतं. पंप मी मंद करत होते.