सुधाकरचं नाव

गेल्या दिवाळीनंतर आठ दिवस मी राजीनाम्याचं पत्र खिशात घेऊन फिरत होतो. ते पोस्टात टाकायची हिंमत होत नव्हती आणि फाडून टाकावं असंही वाटत नव्हतं. मी पाळक आहे. उदगीरला राहतो आणि देवणीच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीची सेवा पाहतो. एसटीत कुणी विचारलं, देवणीला कशाला, तर मी उत्तर द्यायच्या आधीच विचारणारा म्हणतो, बैल बघायला का? देवणीचे बैल लांबवर नावाजलेले आहेत. सुरुवातीला मलाही हसू यायचं. बारा वर्षांनी वाटू लागलं की खरंच बैल बघायला गेलो असतो, तर निदान एखादी जोडी घेऊन परतलो असतो.

कारण या बारा वर्षांत मंडळीत एकही घर वाढलं नाही. आलो तेव्हा नऊ घरं होती, आता सात आहेत. दोन घरं पोटापाण्यासाठी पुण्याकडे गेली. ज्या तरुणाला मी मोठ्या आशेनं बाप्तिस्मा दिला, तो पुन्हा उपासनेला फिरकला नाही. दर वर्षी वरच्या कचेरीत अहवाल जातो, त्यात 'नवीन सभासद' या रकान्यात मी बहुतेक वेळा आडवी रेघ मारतो. मुळात मी रागीट माणूस. राग आधी मंडळीवर निघायचा, मग घरी बायकोवर, आणि शेवटी प्रभूवर. 'तुझंच काम आहे ना, मग तूच बघ,' असं मी प्रार्थनेत म्हटलेलं आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण म्हटलं होतं हे खरं.

उपासनेत मी आजारी आणि संकटात असलेल्यांसाठी प्रार्थना करतो. त्यांची नावं एका वहीत लिहिलेली असतात. त्या वहीत आठ वर्षांपासून सुधाकर हे नाव होतं. सुधाकर हा आमच्या मार्थाबाईंचा धाकटा मुलगा. हदगावला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा. दारूपायी त्याचा संसार मोडला, बायको माहेरी निघून गेली, आणि तो आईकडेही यायचा बंद झाला. मार्थाबाई मला म्हणाल्या होत्या, "पाळकसाहेब, त्याचं नाव तेवढं घेत जावा." म्हणून दर रविवारी मी म्हणायचो, प्रभो, तुझं लेकरू सुधाकर, त्याला व्यसनातून सोडव आणि घरी आण. मार्थाबाई पुढच्या सतरंजीवर हात जोडून बसलेल्या असायच्या. मधून मधून मी विचारायचो, काही फरक आहे का. "हाय तसंच हाय," एवढंच त्या म्हणत.

देवाची परीक्षा पाहू नये असं मी लोकांना शिकवतो, आणि मीच ती पाहायला निघालो. ठरवलं की हदगावला जाऊन सुधाकरला डोळ्यांनी बघायचं. त्याच्यात तसूभर जरी बदल दिसला तरी पत्र फाडून टाकायचं, नाहीतर परतताना नांदेडच्या पोस्टात टाकायचं. बायकोला सांगितलं, नांदेडला काम आहे. मंगळवारी पहाटे निघालो आणि नांदेडला गाडी बदलून दुपारी हदगावला पोचलो. जिनिंगच्या फाटकावर कुणाला सुधाकर आठवेना. एक हमाल म्हणाला, समोरच्या गादीवाल्याला विचारा, त्याला ठाऊक असेल.

गादीवाले म्हणजे महेबूबभाई, साठीचे गृहस्थ, दाढीत कापूस अडकलेला. मी सुधाकरचं नाव काढताच त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. "तुम्ही देवणीचे पाळकसाहेब का?" मी हो म्हणालो. मला बसायला गादी सरकवून ते म्हणाले, "तो तर गेला साहेब. तीन साल झाले. काविळीनं गेला."

 महेबूबभाई हळूहळू सांगत राहिले. सुधाकर त्यांच्याच दुकानाच्या ओसरीवर झोपायचा. शेवटचे पंधरा दिवस त्यांनीच त्याला खिमट भरवलं. तो गेल्यावर आई आणि थोरला भाऊ आले, आणि इथल्याच चार लोकांनी मिळून माती दिली. मी हिशेब लावला. तेव्हा मी नांदेडच्या दवाखान्यात ऑपरेशन होऊन महिनाभर पडून होतो. म्हणजे बरा होऊन आल्यापासून तीन वर्षं दर रविवारी मी एका मेलेल्या माणसाची दारू सुटावी म्हणून प्रार्थना करत होतो. एवढं निष्फळ काम जगात आणखी कुणी केलं असेल असं मला वाटलं नाही.

तरी मी विचारलं, शेवटी शेवटी तरी त्याची दारू सुटली होती का?

"न्हाई साहेब, खोटं कशाला बोलू. पण ऐतवारी सकाळी पीत नव्हता. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून हितं पायरीवर बसायचा. मायनं फोनवर सांगितलं व्हतं त्याला. म्हणायचा, चाचा, तिकडं माझं नाव घेऊन राहिले आत्ता. अकरा वाजेपर्यंत हात लावायचा न्हाई. अकरा वाजले की उठून जायचा."

उपासना अकराला संपते. ती अकराला संपते कारण सव्वाअकराची उदगीरची गाडी मला चुकवायची नसते. त्या गाडीसाठी मी कित्येकदा शेवटचं गीत अर्ध्यावर आवरलं आहे. महेबूबभाईंच्या दुकानात, परक्या माणसासमोर, मी लहान मुलासारखा रडलो.  त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मला कबर दाखवायला घेऊन गेले. मातीचा उंचवटा बसला होता, पण भोवतीचं गवत कुणीतरी काढलेलं होतं. कुणी काढलं हे मी विचारलं नाही. त्यांच्याकडे पाहून कळलं.

परत येताना पत्राची आठवणही राहिली नाही. दुसऱ्या दिवशी थेट मार्थाबाईंच्या घरी गेलो. थोडा रागही होता. म्हणालो, मावशी, मला सांगितलं का नाही? त्या शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही नाव खोडलं असतं. हितं घरात त्याचं नाव कुणी काढत न्हाई. थोरला म्हणतो, त्यानं आपली इज्जत घालवली. आठवड्यातून एकदा कुणीतरी त्याला चांगल्या तोंडानं लेकरू म्हणत व्हतं. तेवढंच ऐकायला येत व्हते मी. समद्यांना हात जोडले व्हते, साहेबांस्नी सांगू नका म्हणून."

म्हणजे साती घरांना माहीत होतं. ज्यांच्यात माझ्या सेवेचं काही फळ दिसत नाही म्हणून मी पत्र लिहिलं होतं, त्यांनी एका आईसाठी तीन वर्षं तोंड बंद ठेवलं होतं.

मग मी त्यांना रविवारच्या सकाळींबद्दल सांगितलं. महेबूबभाईंनी ते त्यांना सांगितलं नव्हतं. माती देताना त्या काही ऐकण्याच्या अवस्थेत नव्हत्या. त्यांचे हात थांबले. "न पिता बसायचा?" त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, हो, अकरापर्यंत. मग पदरात तोंड घालून म्हणाल्या, "म्हंजी ऐकत व्हता."

पुढच्या रविवारी वही वाचताना त्या नावापाशी आलो. मेलेल्यांसाठी मागणं मागण्याची आमची रीत नाही. म्हणून मी म्हणालो, प्रभो, तुझं लेकरू सुधाकर, त्याला तू आम्हांला दिलंस म्हणून तुझे आभार मानतो. मंडळीनं आमेन म्हटलं. कुणी मान वर करून पाहिलं नाही.

सुधाकरची दारू सुटली नाही आणि तो घरी आला नाही, हे दुःख माझ्या मनातून जात नाही, जाऊही नये. पण देवानं मला न मागता एवढं दाखवलं, त्याचं ऋण मोठं आहे. पेरणं माझ्याकडे आहे, बाकी त्याच्याकडे, हे मी बारा वर्षं सांगत आलो आणि मला ते एका गादीवाल्यानं शिकवलं. यंदाच्या अहवालातही मी रेघच मारली. देवणीतली सेवा चालू आहे. सव्वाअकराची गाडी मात्र मी आता सोडून देतो. कुठल्या तरी पायरीवर कुणी बसलेलं असेल तर त्याला आणखी थोडा वेळ मिळावा.