उडी मारणाऱ्याचं गाणं

गिटारला हात लावण्याआधी अंकल हवेतली दोरी दोनदा ओढत आणि तोंडाने इंजिनाची शिट्टी वाजवत. ‘बसा गपचूप. गाडी सुटली!’

मूळचे वसईचे. आखातात, अल् खुवैरच्या आमच्या ऑफिसात ते स्टोअर सांभाळत. घराबाहेर पडायचं तर मोटारच काढावी लागते अशा या गावात हे गृहस्थ रेल्वेचं गाणं गायचे, आणि तेही एकच. रेल्वेवाल्यांच्या दंतकथेवरून रचलेलं, जुनं, अमेरिकन कंट्री-रॉक. समोर टक्कर दिसत असूनही ड्रायव्हर उडी मारत नाही, ब्रेक धरून राहतो. प्रवासी वाचतात, तो जातो. दुसरं गाणं मागितलं की म्हणत, ‘येत नाय बाबा. खलास!’ चांगली दहा-बारा येत होती, तुम्हाला सांगतो.

सूरच्या समुद्रकिनाऱ्यावर सहलीला गेलो तेव्हा मी नको तो शहाणपणा केला. त्यांचे वडील इंजिन ड्रायव्हर होते, एवढंच मला ठाऊक होतं. सगळ्यांसमोर ओरडलो, ‘अंकल, आज पप्पांसाठी होऊन जाऊ दे!’

त्यांनी गिटार पेटीत ठेवली आणि गाडीत जाऊन बसले.

परतताना गाडीत बोलले. ‘पप्पांनी उडी मारलेली. मालगाडी होती. असिस्टंट आतच राहिला. त्याची बायको आमच्याच चर्चला यायची. उडी मारणाऱ्यावर गाणं कोण करतो रे?’

बापाशी ते गेली बारा वर्षं बोलले नव्हते.

‘त्यांनी उडी मारली तेव्हा तुम्ही केवढे होता?’

‘सहा वर्षांचा.’

‘मग ते इंजिनातच थांबले असते तर?’

अंकलनी खिडकीची काच खाली केली. पुन्हा नको ते बोलल्याबद्दल मला स्वतःचाच राग आला.

महिन्याभरात वसईहून बहिणीचा फोन आला. वडील शेवटच्या घटका मोजत होते. अंकल ऑफिसच्या पँट्रीत उभे होते, मी शेजारी. बहिणीने फोन वडिलांच्या कानाशी धरला.

‘पप्पा, तुम्ही उडी मारली ते बरं केलं.’

‘मोठ्यानं बोल,’ बहीण म्हणाली, ‘त्यांना ऐकू येत नाय.’

एरवी सहलींत किनारा दणाणून सोडणाऱ्या माणसाचा आवाज फुटेना. तिसऱ्या वेळी मात्र ते असे ओरडले, की अख्खं ऑफिस माना वळवून पाहू लागलं. पलीकडे बहीण नुसती रडत होती.

संध्याकाळी मी त्यांना विमानतळावर सोडलं. वडील गेल्याचं तोवर कळलं होतं.

‘पप्पांनी ऐकलं असेल ना रे?’

‘ऐकलं,’ मी छातीठोकपणे सांगितलं.

अंकल परत आले नाहीत. अधूनमधून त्यांचा फोन येतो, आणि ते पुन्हा तेच विचारतील या भीतीने मी घाईघाईने हवापाण्याचं बोलू लागतो.