आम्ही सोडलेला उतार

काशीत वाढलेल्या मुलीला बर्फाची एवढी ओढ कशी? निघताना बाबांनी विचारलं. रामघाटावरच्या आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. पुढे बँकेची परीक्षा, हे सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. मला मात्र डोंगरात लोकांना सुखरूप नेऊन आणण्याचं काम शिकायचं होतं. उत्तराखंडात औलीला ते शिकवणारे रावतसर फोनवर एवढंच म्हणाले, "पहले आकर पहाड़ पढ़के दिखाओ, फिर सोचेंगे."

रात्रीच्या गाडीने हरिद्वार, तिथून दुसऱ्या दिवशी पहाटेची जोशीमठची बस. ती अख्खा दिवस घेते, तेव्हा वाटेत पिपलकोटीला राजमा-भात पोटभर खाऊन घ्या. जोशीमठहून जीपने वर औलीला जायचं; स्की आणि बूट तिथे भाड्याने मिळतात. बूट जाड मोज्यांवर घालून, चार पावलं चालून मगच घ्या.

पोचल्यावर बाबांनी दिलेली गंगाजलाची बाटली मी सरांच्या हातात ठेवली. सर हसत सुटले. "अरे, हमारा ही पानी इतनी दूर से वापस ले आई!"

दुसऱ्या दिवशी स्कींच्या तळाला पकडीच्या पट्ट्या लावून आम्ही औलीच्या वरच्या गोरसोंच्या कुरणांवरून चढलो. सोबत सरांकडेच शिकायला आलेला पुण्याचा निखिल, स्कीइंगमध्ये माझ्यापेक्षा कितीतरी तयार. डोंगराच्या धारेवर पोचलो आणि समोर हिमस्खलनाचा माग दिसला. वर सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ. खाली रानाच्या कडेपर्यंत बर्फाची घट्ट ढेकळं, त्यांत मोडलेल्या फांद्या, पानं अजून हिरवीगार. ढेकळांवर नवा बर्फ नाही. म्हणजे अगदी ताजं.

त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड केलेला दुसरा उतार होता. गुळगुळीत, कोरा.

"जे पडायचं ते पडून गेलं की!" निखिल म्हणाला. "चला, हा उतार आपला."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "बोलो, बनारस."

मला घाट आठवला. पूर ओसरला की आमची गल्ली पायऱ्यांवरचा गाळ धुवायला उतरते. वरची साय वाळलेली, आत ओलं. वजन पडलं की थरच्या थर माणसाला घेऊन निसटतो. एका पायरीवरचा निघून गेला, तरी शेजारच्या पायरीवरचा तसाच असतो.

"नहीं जाना, सर," मी म्हटलं. "यह वाला अभी गिरा नहीं है."

"तू घाबरलीस," निखिल म्हणाला.

"हो. म्हणूनच खणून बघू."

धारेवरच्या सुरक्षित जागी, त्याच दिशेच्या बर्फात आम्ही खड्डा खणला. वर घट्ट थर. त्याखाली कोरड्या साबुदाण्यासारखे सुटे दाणे. सरांनी बर्फाचा एक खांब मोकळा करून त्यावर फावडं हलकेच थोपटलं. वरचा थर सरकन निसटून त्यांच्या पायाशी आला.

निखिलने स्की वळवल्या. मग म्हणाला, "ताई, पुढे तू हो."

रानातल्या सौम्य उतारावरून आम्ही खाली आलो. मी तीनदा पडले आणि प्रत्येक वेळी ओरडून हसले. खाली सर म्हणाले, "अगली सर्दी में पूरा सीज़न आओ. सिखाऊँगा भी, काम भी दूँगा."

घरी सगळं ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे इतक्या लांब गेलीस, त्या उतारावर उतरलीच नाहीस, आणि त्याची एवढी खुशी?"

"त्याचीच, बाबा."

ते म्हणाले, "बाटली जरा मोठी द्यायला हवी होती."

बँकेच्या परीक्षेचं काय, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं: घरी येण्याआधी, स्टेशनवरून तशीच सॅक घेऊन त्या परीक्षेच्या क्लासला गेले आणि माझं नाव कमी करून आले.