पंचाण्णवची नळी

व्हर्लिन हॉस्टेटलरने एकेचाळीस वर्षं आमच्या गावच्या चीज कारखान्यात वाफेचे पाइप जोडले आणि तेवढ्या काळात त्याच्या एकाही सांध्यातून थेंब गळला नाही. हे मी सांगत नाही, तोच सांगतो, दर रविवारी चर्चच्या जेवणात, कुस्करलेल्या बटाट्यावर नूडल्स वाढून घेता घेता. मी त्याच कारखान्यात होतो. दोनदा गळलं होतं. पण त्याचा सूर एकदा लागला की मध्ये तोंड घालायचा धीर कोणाला होत नाही.

त्याची मुलगी लोर्ना बेचाळीस वर्षांची, शाळेत गणित शिकवते. गेल्या हिवाळ्यात तिने एक जुनी, टीचभर जपानी गाडी घेतली आणि बापाला सांगून टाकलं, मे महिन्यात मी हौशी लोकांच्या शर्यतीत उतरणार. अशा गाडीत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवावा लागतो, गाडी उलटली तर आतलं माणूस चिरडू नये म्हणून. पिंजरा कोण बांधणार यावर चर्चा झालीच नाही. नळी कोणती घ्यायची यावर मात्र बापलेकीने महिनाभर घर डोक्यावर घेतलं.

व्हर्लिनने आधी गोठ्यातला काळा पाइप बाहेर काढला.

"डॅड, पाइप चालत नाही. नियमांत साफ लिहिलंय."

"अगं, यातून चाळीस वर्षं वाफ गेलीय."

"मी वाफ नाहीये."

मी मध्येच क्रोममॉली नावाच्या मिश्र पोलादाच्या नळीचं नाव काढलं, ती हलकी असते म्हणून. व्हर्लिनने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये शिट्टी वाजवली. "ती विमानवाल्यांची नळी. सांधताना जरा जास्त तापली की रुसते. मला नळी हवीय, सून नकोय."

शेवटी लोर्नाने कागदावर लिहूनच दिलं. साधी पोलादी, बिनशिवणीसारखी ओढून काढलेली नळी, बाहेरून दीड इंच, जाडी पंचाण्णव. म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पंचाण्णव. तिच्या गाडीच्या वजनाला नियमाने तेवढी पुरते.

"यापेक्षा जाड घेतलीस तर गाडी जड होईल," ती म्हणाली. "मला दुसऱ्यांनी हरवलेलं चालेल. तू हरवलेलं चालणार नाही. कबूल असेल तर बांध, नाहीतर मी कोलंबस शहरातल्या एखाद्या गॅरेजात गाडी नेते."

"कबूल," व्हर्लिन म्हणाला, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

पोलादाच्या वखारीत मी त्याच्याबरोबर होतो. काउंटरवरच्या बाईने जाडी विचारली. व्हर्लिनने आधी दाराकडे पाहिलं, मग छताकडे, आणि म्हणाला, "एकशेवीस."

मी त्याला कोपर मारलं.

"बाहेरून सारखीच दिसते," तो पुटपुटला. "तिला काय कळणार?"

"अरे, ती गणित शिकवते."

"गणित शिकवते. नळ्या नाही शिकवत."

पिंजरा त्याने झकास बांधला, यात वाद नाही. सांधे इतके देखणे की मलाच हेवा वाटला. एका गोष्टीवर मात्र त्याने खूप कुरकुर केली. नियमाप्रमाणे नळीला एक बारीक भोक पाडून ठेवावं लागतं. "आयुष्यभर पाइपला भोक दिसलं की मी धावत सुटायचो, आणि हे शहाणे म्हणतात पाडा." पाडलं. ते भोक कशासाठी असतं हे त्याने नियमांत वाचलंच नव्हतं. आणि मी? मीही नव्हतं वाचलं.

शर्यतीच्या सकाळी आम्ही तपासणीच्या रांगेत उभे राहिलो. तपासनीस ऑरिन पिंगल खिडकीतून आत वाकला, त्या भोकात मोजपट्टीचा हूक अडकवून नळीची जाडी मोजली आणि लिहून घेणाऱ्या मुलीला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाला, "एकशेवीस."

मग त्यालाच नवल वाटलं. "बाई, तुम्हाला पंचाण्णव पुरली असती. तीस वर्षं झाली, पातळ नळी लावून फसवणारे बघतोय. जाड लावून फसवणारा पहिलाच." रांगेत हशा पिकला. ऑरिनने पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली आणि तो पुढच्या गाडीकडे गेला.

लोर्ना हसली नाही. "शंभर फूट नळी," ती म्हणाली. "चौतीस पौंड जास्त."

"सांध्यांचं धरून पस्तीस," व्हर्लिन म्हणाला. या माणसाला गप्प कधी बसावं ते कळत नाही.

"तू शब्द दिला होतास, डॅड."

"दिला होता."

"मग?"

व्हर्लिनने पिंजऱ्याच्या नळीवर हात ठेवला. मग म्हणाला, "मला भीती वाटते. तू या डब्यात बसणार म्हणालीस तेव्हापासून वाटते. पंचाण्णव पुरते हे मलाही कळतं, पोरी. दिवसा पुरते. रात्री नाही पुरत." चाळीस वर्षांत या माणसाच्या तोंडून मी बढाया सोडून काही ऐकलं नव्हतं.

लोर्नाने हेल्मेट घातलं. "पुन्हा खोटं बोललास तर हा पिंजरा कापून तुझ्या दारात टाकेन," ती म्हणाली. "आणि गाडी आणलेल्या ट्रकमागे लपायचं नाही. भिंतीपाशी उभा राहा, मला दिसशील असा."

चव्वेचाळीस गाड्यांत तिची गाडी तिसावी आली. त्या पस्तीस पौंडांपायी किती नंबर गेले ते तिने नंतर काढलं: चार. अजून ऐकवते.

आमच्याकडे रस्त्यात समोरून कोणी आलं की स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतात, ओळख असो नसो. पहिल्या फेरीला भिंतीपाशी येताच लोर्नाने दोन बोटं उचलली. "काहीतरी तुटलंय," व्हर्लिन किंचाळला. दुसऱ्या फेरीला पुन्हा उचलली. तिसऱ्या फेरीला त्याच्या लक्षात आलं आणि त्याने हात वर केला. मग ती दर फेरीला बोटं उचलायची आणि तो दर फेरीला हात. दोन तास, एकसष्ट फेऱ्या, तो एकदाही खाली बसला नाही. शेवटच्या चार फेऱ्यांत त्याचा हात वर जाईना, तेव्हा मी तो कोपराशी धरून उचलत होतो.