सनईवालं सीताफळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. माहेरी गेले की वैजनाथाच्या देवळात जाते, हात जोडून मुलांच्या परीक्षा, नवऱ्याचा खोकला, सगळं सांगते — हे तेवढं गिळते. देवाला काय ठाऊक नसतं, असं म्हणून सुटता येतं म्हणा. तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

पण आधी दुसऱ्याचं सांगते. आपलं सांगायच्या आधी दुसऱ्याचं उकरून काढायची माणसाला खोडच असते, नाही का? तर — माझ्या दादाने मला फसवलं. हे खरं आहे, आणि अजूनही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

परळीत आमचं फळांच्या आडतीचं दुकान. धारूर-अंबाजोगाईच्या डोंगरातून सीताफळं यायची, आणि सीताफळ काही कुणासाठी थांबत नाही. आज विकलं नाही तर उद्या टाकून द्यायचं. म्हणून दादाने गर काढून, गोठवून तो पुण्या-मुंबईच्या आइस्क्रीमवाल्यांना विकायचं मनावर घेतलं. ते दिवसच तसे होते. गावात नुकती इंटरनेटची दुकानं निघाली होती, आणि जो तो जग जवळ आल्याच्या गप्पा मारत होता. दादाने कॉम्प्युटर घेतला. तो चालवता येणारी घरात मी एकटी, अंबाजोगाईला बसने जाऊन कोर्स केलेली.

आइस्क्रीमवाल्यांना ईमेल पाठवायचे, पण नुसता मजकूर कोण वाचतो? मी म्हटलं, हलतं चित्र घालू. सीताफळ तोडायला आलं की त्याचे डोळे उघडतात, म्हणजे खवल्यांमधल्या फटी रुंदावतात, पिवळसर होतात. आमच्याकडे शेंबडं पोरही हे सांगेल. तेच चित्रात दाखवायचं ठरलं. आधी कोर्सच्या सरांना सांगून पाहिलं, तर त्यांनी फळाला पापण्यांसकट माणसाचे डोळे काढले. अप्पा, म्हणजे माझे वडील, ते बघून म्हणाले, "हे फळ हाय का पूतना?" मग मीच बसले. हिरवं मिटलेलं फळ, हळूहळू त्याचे डोळे उघडतात, मग ते मधोमध फुटतं आणि आतला पांढरा गर दिसतो.

खरं कसब चित्रात नव्हतं, वजनात होतं. त्या काळी ईमेल फोनच्या लाइनवरून मुंगीच्या पावलांनी उतरायचा. फाइल जड असली की पलीकडच्या माणसाची लाइन अडकून पडायची, मध्येच तुटायची, की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी रंग कमी केले, मधली चित्रं गाळली, फाइल पापडासारखी हलकी केली. दादाला ते गरिबीचं वाटलं. त्याला डोंगर पाहिजे होता, डोंगरामागून उगवणारा सूर्य, आणि वर सनई. "दादा, ईमेल हाय का लगीन?" मी म्हटलं. पण तशीही एक फाइल करून दिली, घरात बघायला. पाव्हणे आले की दादा ती लावायचा, अप्पा खुर्ची ओढून पुढे बसायचे. ही कुणाला पाठवायची नाही, एवढं मी बजावून ठेवलं होतं.

हलकी फाइल गेली आणि पुण्याच्या एका मोठ्या आइस्क्रीमवाल्याचा फोन आला. आमचं सगळं ऑफिस गोळा होऊन तुमचं फळ उघडताना बघतंय, म्हणाला. हंगामातला बहुतेक गर त्यानेच उचलला. दादाने पेढे वाटले आणि भरल्या घरात म्हणाला, "आता ह्या धंद्यात हिचा बी वाटा. पाटीवर हिचं नाव टाकतो. लग्नाची काय घाई न्हाई." मी तर त्या पाटीवरच्या अक्षराचं वळणसुद्धा मनात ठरवून टाकलं होतं. वेडीच होते.

पाटी आली. तिच्यावर अप्पांचं नाव होतं, दादाचं होतं. पाठोपाठ कडा गावचं स्थळ आलं — जिल्ह्याच्या या टोकावरून थेट त्या टोकाला. मी नको म्हटलं. पाटीचीही आठवण करून दिली. दादा म्हणाला, "तुला कशाला पायजे गं हितला वाटा? तुझा वाटा आता कड्याला." आणि हसला. तो हसला, याचा राग मला सगळ्यात जास्त आला. ज्याच्या शब्दावर मी जीव टाकला, त्याला आपण शब्द दिला होता हेच आठवत नव्हतं. वर म्हणाला, जायच्या आधी वैनीला कॉम्प्युटर शिकवून जा.

राजश्रीवहिनी उमापूरची. बारावी झालेली, घरात येऊन वर्ष होत होतं, आणि तोवर दुकानाच्या उंबऱ्याच्या आत तिने पाऊल टाकलेलं नव्हतं. पदर खोचून बसायची, माऊस धरताना जीभ दातांत धरायची. परळीत वीज केंद्राची राख सगळीकडे बसते, म्हणून कॉम्प्युटरला तिने स्वतःच्या हाताने अभ्रा शिवला. एकदा मला म्हणाली, "ताई, ह्या घरात मला पयल्यांदाच कुनी भाकरीबिगर दुसरं काम दिलंय." तिचे डोळे भरून आले होते. मी मान फिरवली.

तुम्ही म्हणाल, राग दादाचा, तर दादाशी भांडायचं. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात, ते हेच. पण दादाशी भांडायची छाती नव्हती माझी. आणि माझ्या खुर्चीत बसलेली मला ती दिसायची, दादा नाही.

मी तिला सगळं शिकवलं, एक सोडून. फाइलचं वजन कुठे बघायचं, ते सांगितलं नाही. नाव बघा, जोडा, पाठवा — उघडून बघायचीही गरज नाही, असंच शिकवलं.

एवढ्यावर थांबले असते तर? तर विसरले म्हणून खपलं असतं, कदाचित मलाही ते खरं वाटायला लागलं असतं. पण — लिहितेच आता. हळदीच्या आदल्या दिवशी घरात बायका बांगड्या भरत होत्या. मी उठून दुकानात गेले. हलकी फाइल दुसरीकडे लपवली आणि सनईवाल्या फाइलला हलकीचं नाव दिलं. हातावर मेंदी ओली होती, म्हणून एकेका बोटाने. घाईत झालं नाही ते. सावकाश, नीट बघून केलं.

पंचमीला माहेरी आले तेव्हा हंगाम सुरू व्हायचा होता. वहिनीने मला कौतुकाने खुर्चीत बसवलं. "बगा ताई, सगळं तुमी ठिवलं तसंच हाय." नावं परत फिरवायची, बस्स. चहा निवायच्या आत झालं असतं. मी काय केलं? चहा प्याले आणि पोरींबरोबर झोका खेळायला गेले.

दसऱ्याच्या तोंडावर वहिनीने सगळ्या गिऱ्हाइकांना ईमेल पाठवले. आमच्या लाइनवरून ते जायलाच अख्खा दिवस लागला, आणि तिला वाटलं, असंच असतं. पुण्याच्या त्या आइस्क्रीमवाल्याची मेलपेटी आमच्या सनईने तुंबली. ऐन सणात त्याला आलेल्या ऑर्डरी आल्या वाटेने परत गेल्या. त्याने फोनवर दादाला नको नको ते ऐकवलं आणि गरही नको म्हणून सांगितलं. बाकीचेही बिथरले. त्या सालचा माल पडत्या भावात गेला.

मग दादाचा मला कड्याला फोन आला. तिला नीट शिकवलं होतंस ना? इथे तरी बोलता आलं असतं, नाही का? मी म्हणाले, "शिकवलं की दादा. पर वैनीच्या ध्यानात ऱ्हात न्हाई." आणि खरं सांगू? बोलताना मला गोड वाटलं. दादाला माझी गरज लागली होती.

पुढचं आईने सांगितलं. अप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "सूनबाई, तुमी चुलीपाशीच बऱ्या." माझंच काहीतरी चुकलं असेल, एवढंच वहिनी म्हणाली म्हणे. दादाने कॉम्प्युटरवर पगारी माणूस बसवला. वहिनी त्यानंतर दुकानात गेली ती फक्त लक्ष्मीपूजनाला, ओवाळायला.

दादाने मला फसवलं तेव्हा मला निदान ते कळलं तरी. मी दादाला शिव्या देऊ शकले, रडू शकले. वहिनीला कुणी फसवलं हेच माहीत नाही. तिला अजून वाटतं, आपल्यालाच अक्कल कमी.

दादा आता थकला, अप्पा गेले. दादावरचा राग मी अजून सोडलेला नाही, आणि तो धरायचा मला काय हक्क, तेही कळत नाही. आता हलत्या चित्रांचं कुणाला अप्रूप? सकाळ झाली की फोनमध्ये फुलं उमलतात, समया तेवतात, गणपती कान हलवतात. वहिनीलाही तिच्या लेकीने मोबाइल घेऊन दिलाय. सगळ्या भावकीत चित्रं पाठवायला ती एकटीच कचरते. मला पाठवायच्या आधी तर न चुकता फोन करते.

आज सकाळीही आला. "ताई, एक हलतं चितर हाय, दिव्याचं. पाठवू का? लई जड तर न्हाई ना हुनार तुमाला?"

नाही होत वैनी, पाठवा, मी म्हणाले. तिने पुन्हा एकदा विचारलं, नक्की ना. मी नक्की म्हणाले.

"तुमी म्हनताय तर पाठवते," वहिनी म्हणाली.